अलॉय व्हीलचा रंग घरी काढायचाय? आधी हे ऐका

(या भागातलं बोलणं थोडं आवरून लिहिलंय. मधे मधे येणारा दुसरा आवाज मामांचा. मागे घरघर ऐकू येते ती ट्रकची, तिला इलाज नाही.)

आजचा भाग नेहमीच्या खोलीत नाही, कुंभवलीत मामांच्या पडवीत रेकॉर्ड केलाय. माझ्यासमोर माझ्या जुन्या गाडीची चार अलॉय व्हील पडलीत. दोन छान उतरलीत. एक काळपट झालंय, हात लावला की बोटाला शिसपेन्सिलीसारखी पूड लागते. आणि चौथं दिसायला सगळ्यात सुंदर आहे, पण ते मी परत कधीच गाडीला लावणार नाही. का, ते पुढे येईल.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. रील बघितली. एक माणूस व्हीलवर काहीतरी जेल लावतो, रंग सुरकुततो, पाण्याचा फवारा मारतो आणि तीस सेकंदांत आरसा तयार. माझ्या व्हीलवरचा लॅकर फुगला होता, त्याच्याखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा दिसायच्या. म्हटलं, एका रविवारचं काम. मंडळी, सहा रविवार गेले.

आधी एक साधी तपासणी. खिशात चुंबक घेऊन गाडीजवळ जा. चिकटलं तर तुमचं चाक लोखंडी आहे, आजचा भाग तुमच्यासाठी नाही. नाही चिकटलं तर बहुतेक अॅल्युमिनियम. त्यातही व्हील क्रोम केलेलं असेल, आरशासारखं पण निळसर झाक असलेलं, तर घरी हात लावू नका. ते प्लेटिंग काढणं हे कारखान्यातल्या टाकीचं काम आहे. ज्या व्हीलच्या तोंडावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात ते डायमंड कट. त्या रेषा लेथ मशीनवर पाडलेल्या असतात. पेपर मारलात की गेल्या. साधं रंगवलेलं व्हील असेल तर पुढे ऐका.

[०३:२०] जर्मनचं पातेलं

आपल्या आज्या अॅल्युमिनियमच्या भांड्याला काय म्हणायच्या? जर्मनचं पातेलं. (जर्मनीशी त्याचा संबंध शोधत बसू नका.) त्या आज्यांना धातुशास्त्र माहीत होतं, फक्त त्याला ते नाव नव्हतं. जर्मनच्या भांड्यात नुसतं पाणी रोज उकळलं की आतून काळं पडतं. धुण्याच्या सोड्याने घासलं तर आणखी काळं. आणि चिंच किंवा लिंबाची साल टाकून उकळलं की लख्ख.

आता हे असं का? अॅल्युमिनियम हवेत आलं रे आलं की त्याच्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. काही नॅनोमीटर जाडीचा. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. एवढ्याशा पापुद्र्यावर त्या धातूचा सगळा जीव. तो आहे तोवर आतलं अॅल्युमिनियम सुरक्षित. पण ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. लोखंडाला कॉस्टिक फारसं काही करत नाही. अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं.

आणि इथेच बोईसर-तारापूरच्या माणसाची गोची आहे. बाकी महाराष्ट्रात घरी रंग काढायचा म्हटला तर माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो. आपल्याकडे तो शेजारच्याला विचारतो. कारण प्रत्येक तिसऱ्या घरातलं कोणीतरी एमआयडीसीत कामाला, आणि पाण्याच्या बाटलीत काय काय घरी येतं हे आपल्याला माहीत आहे. मलाही असंच मिळालं. कोणाकडून, कुठल्या कंपनीतलं, ते सोडा. देणाऱ्याने चांगल्या मनाने दिलं. म्हणाला, आमच्याकडे लोखंडी हँगरवरचा रंग यानेच काढतात, गरम टाकीत बुडवला की सालासारखा निघतो. खरंच आहे ते. लोखंडाच्या बाबतीत.

मी बादलीत पाणी घेतलं, पांढरे दाणे टाकले, व्हीलची एक बाजू बुडवली. पहिली दोन मिनिटं मी खूश. रंग फुगला. मग बुडबुडे यायला लागले, मग बादली गरम झाली, मग उकळल्यासारखा आवाज. तेवढ्यात मामा आले.

मामा: मी लांबूनच ओरडलो. म्हटलं, मागे हो आधी! काय करतोस काय तू?

मी: मला वाटलं, रंग निघतोय.

मामा: रंग कसला, चाक निघत होतं. तो फेस म्हणजे हायड्रोजन. शेजारी कोणी विडी पेटवली असती तर? आणि त्या वाफेतून कॉस्टिकचे कण उडतात. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. चष्मा नाही, हातमोजे नाहीत, पायात स्लिपर. प्लांटमध्ये असं दिसला असतास तर गेटबाहेर काढला असता.

मामांनी त्यांच्या नोकरीत काय काय बघितलंय ते मी इथे सांगत नाही. पण त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

व्हील बाहेर काढलं तर काळं ठिक्कर. त्याचंही कारण आहे. अलॉय व्हील शुद्ध अॅल्युमिनियमचं नसतं. बहुतेक वेळा ए३५६ नावाचा मिश्रधातू असतो, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि जेमतेम पाव-अर्धा टक्का मॅग्नेशियम. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, सिलिकॉन तसंच मागे ठेवतं. ती काळी पूड म्हणजे तो उरलेला सांगाडा. कारखान्यात ती नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात काढतात. तुम्ही ते नाव ऐकलंत तरी घरी विचार करू नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम पकडतं. पातळ असेल तर लागल्यावर कित्येक तास दुखतही नाही, आणि मग दुखायला लागतं तेव्हा आत बरंच झालेलं असतं. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये त्याच्याच जातीची रसायनं असतात. बाटलीवर 'फ्लोराइड' शब्द दिसला की परत फडताळात ठेवा. आणि न्हाणीघराची नळी मोकळी करायची पावडर? तेही कॉस्टिकच.

[०८:०५] मग रंग काढायचा कशाने

अलॉय व्हीलवर साधारण तीन थर असतात: खाली पावडरचा प्रायमर, मधे रंग, वर लॅकर. लॅकर आणि रंग लवकर निघतात. पावडर दमवते.

दुकानात 'पेंट रिमूव्हर' म्हणून जो डबा मिळतो त्यात बऱ्याचदा मेथिलीन क्लोराइड असतं. डायक्लोरोमिथेन असंही लिहिलेलं असेल. काम झकास करतं आणि अॅल्युमिनियमला खात नाही. पण त्याचा उत्कलनबिंदू आहे ४० अंश. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली डबा उघडलात तर ते जवळजवळ उकळतंच. वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना रंग काढताना किमान १३ कामगार या वाफेने गेले. बंद बाथरूममध्ये, वाकून काम करताना. तिथे २०१९ पासून घरगुती ग्राहकाला रंग काढण्यासाठी ते विकायला बंदी आहे. आपले नेहमीचे रबरी हातमोजे ते काही मिनिटांत पार करतं, निळे नायट्राइलसुद्धा.

मी बेंझाइल अल्कोहोलवाला रिमूव्हर ऑनलाइन मागवला. महाग आहे आणि संथ आहे. रीलमध्ये तो कोणी दाखवणार नाही, कारण त्याला तीस सेकंद नाही, चार तास लागतात. पण पडवीत बसून करता येतो. तरी चष्मा, लांब हातमोजे, वारा पाठीकडून. पोरं आणि कुत्री लांब.

करायचं असं. टायर आधी पंक्चरवाल्याकडून उतरवून घ्या. टायर चढवलेलं ठेवून चालतं म्हणतात, पण रिमूव्हर रबरावर ओघळतोच. व्हील शाम्पूने घासून ब्रेकची काळी धूळ काढा. सावलीत ठेवा, जाड थर लावा, लोणी लावल्यासारखा, आणि वरून पॉलिथिन गुंडाळा म्हणजे वाळत नाही. दोन-तीन तासांनी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर नको, चरे पडतील आणि ते नंतर तुम्हालाच काढायचेत. कोपऱ्यांत जुना टूथब्रश. भांडी घासायची हिरवी घासणी चालते, लोखंडी तारेची नाही. तिचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथे गंजाचे डाग धरतात. एका वेळी सगळं निघणार नाही. माझ्या व्हीलला तीन फेऱ्या लागल्या.

गॅसचा बर्नर लावून रंग जाळायची कल्पना कोणी दिली तर हात जोडा. ए३५६ व्हीलला कारखान्यात 'टी६' नावाची उष्णता-प्रक्रिया करतात: साधारण ५४० अंशांपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग दीडशेच्या आसपास काही तास ठेवायचं. चाकाची ताकद त्यात आहे. बर्नरची ज्योत ती ताकद उतरवते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. एमआयडीसीत हँगर जाळून साफ करायच्या भट्ट्या असतात, ३५० अंशांच्या वर चालणाऱ्या. ओळखीने त्यात व्हील टाकून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. पावडर कोटिंगची भट्टी साधारण २०० अंशांची, पंधरा-वीस मिनिटांची. तेवढं चालतं. रेंगाळत ठेवलेलं नाही.

आता तो खरवडलेला चिखल. आपण सगळे तारापूरच्या नाल्यांबद्दल बोलतो, आणि बोलायलाच हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशात सगळ्यात वर होतं, गुण ९३.६९. शाळेत एवढे पडले असते तर पेढे वाटले असते. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या मच्छीमारांच्या संघटनेने हरित लवादाकडे दाद मागितली ती याच पाण्यासाठी. मग मी माझी बादली त्याच नाल्यात कशी ओतणार? खाली जुनी पत्र्याची ट्रे ठेवा, त्यात लाकडाचा भुसा. सगळं त्यात पडू द्या, उघड्यावर वाळू द्या, मग पिशवीत बांधून घरातल्या घातक कचऱ्यात, म्हणजे जुन्या बॅटऱ्या आणि रंगाच्या डब्यांबरोबर वेगळं द्या. थोडं जास्तीचं काम आहे.

[१३:४०] चीर

चारही व्हील उघडी पडल्यावर (काळंसुद्धा) मी पेपर मारायला सुरुवात केली. मामा शेजारी चहा पीत बसले होते. चौथं व्हील उलटं करून त्यांनी आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

मामा: हे काय रे? केस चिकटलाय का?

केस नव्हता. आतल्या कडेला, एका आरीच्या मागे, दोन-अडीच सेंटीमीटरची बारीक रेघ. रंगाखाली कधी दिसलीच नव्हती. मी म्हटलं, ओरखडा असेल, पेपरने जाईल.

मामा: पेपर मारू नको. डीपी मारून बघू.

आता एमआयडीसीतून आलेली दुसरी गोष्ट, आणि ही कामाची. डीपी टेस्ट म्हणजे डाय पेनिट्रंट. आपल्याकडे फॅब्रिकेशन करणाऱ्या कोणालाही माहीत असते, वेल्डिंग तपासायला वापरतात. तीन स्प्रे कॅन असतात. जागा क्लीनरने पुसायची. लाल द्रव मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे तो फटीत शिरतो. वरचा लाल रंग कापडाने पुसून टाकायचा. पुसताना क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट व्हीलवर नाही, नाहीतर फटीतलाही धुऊन निघतो. मग पांढरा डेव्हलपर. ओरखडा असेल तर फार तर पुसट लाली. चीर असेल तर आतला लाल रंग वर झिरपतो.

दोन मिनिटं काही नाही. मग पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. मी बघत होतो त्यापेक्षा लांब. चार सेंटीमीटर.

मी या चाकावर चिल्हार रस्त्याने हायवेला जात होतो. गाडीत आई असायची.

बहुधा एखाद्या खड्ड्याचं देणं असेल. आतल्या कडेला मार बसतो, बाहेरून व्हील नवंकोरं दिसतं. काही दिवस हवा थोडी थोडी उतरते, आपण म्हणतो व्हॉल्व्ह खराब असेल. माझी उतरत होती. मी दर पंधरा दिवसांनी भरत होतो.

वेल्डिंग करून देणारे भेटतील. करू नका. वेल्डिंगच्या आजूबाजूच्या धातूची टी६ प्रक्रिया उष्णतेने मोडते, आणि चीर पुढच्या वेळी त्याच्या शेजारून जाते. मी ते व्हील भंगारात देणार आहे, पण आधी ग्राइंडरने कड कापून. नाहीतर पॉलिश केलेलं बघून ते कोणीतरी गाडीला लावेल.

म्हणून माझं मत विचाराल तर, घरी रंग काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा चमक नाही. चाक पहिल्यांदा उघडं दिसतं, हा आहे. पॉलिश करायचं नसेल तरी आतल्या कडा एकदा बघा.

[१७:५०] पॉलिश, आणि पालघरची हवा

पॉलिशचं लवकर सांगतो, कारण यात अक्कल कमी आणि खांदा जास्त लागतो. दुकानात 'वॉटर पेपर' मागा. खोल चरे असतील तर १८० पासून, नाहीतर ३२०, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. कायम पाण्यात भिजवून. एका पेपरने आडवं घासलं तर पुढच्याने उभं, म्हणजे मागचे चरे गेले की नाही ते कळतं. ४०० चे चरे राहिले असताना ८०० घेतलात तर २००० नंतर ते तुम्हाला हसत भेटतात. मला एका व्हीलला सात तास लागले. मग ड्रिलला कापडी बफ आणि पॉलिशिंग कंपाऊंड. कापड काळं होतं तेव्हा समजा काम चाललंय. टायर जिथे बसतं ती कड आणि नट जिथे टेकतात ते खळगे यांना हात लावू नका, नाहीतर हवा गळेल किंवा नट नीट बसणार नाही.

दोन सूचना. पाण्यात मिसळलेला तो अॅल्युमिनियमचा गाळ बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, त्यातून हळूहळू हायड्रोजन निघतो. आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावर अॅल्युमिनियम नको. गंजाची पूड, अॅल्युमिनियमची पूड आणि ठिणगी एकत्र आली की त्याला थर्माइट म्हणतात, रेल्वेचे रूळ जोडतात त्याने.

आता आरसा तयार झाला. मी फोटो काढले, स्टेटसला टाकले. बारा दिवसांनी व्हीलवर पांढुरके ठिपके.

इथून नवापूर, मुरबे, समुद्र काही किलोमीटरवर. हवेत मीठ, आणि आमच्याकडे हवेत आणखी काय काय असतं ते रात्री नाकाला कळतं. मिठातला क्लोराइड त्या नॅनोमीटरवाल्या पापुद्र्याला भोकं पाडतो आणि तिथून धातू खणत जातो. रीलमधला माणूस जिथे राहतो तिथे कदाचित कोरडी हवा असेल. आपल्याकडे उघडं पॉलिश म्हणजे दर पंधरवड्याला मेटल पॉलिश आणि मेण, पावसाळ्यात दर आठवड्याला. करणार असाल तर जरूर ठेवा.

वर लॅकर मारला तर? गंमत अशी की गुळगुळीत आरशावर लॅकरला धरायला काही नसतं. एक खडा उडला, एक टवका गेला, की मीठ आत शिरतं आणि त्याच पांढऱ्या अळ्या पुन्हा फिरायला लागतात. टू-के लॅकर टिकतो, पण त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि कापडी मास्कने ते अडत नाही. ते पेंटच्या बूथमध्ये मारून घ्या.

मी शेवटी काय केलं? आरसा ४०० च्या पेपरने परत मोडला. हो, सात तासांचं काम वीस मिनिटांत. मग अॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर, चंदेरी रंग, लॅकर, सगळं पेंटवाल्याकडून. फक्त नटांच्या मधली छोटी टोपी पॉलिश ठेवलीय, दर रविवारी ती घासतो. मामा म्हणतात, तेवढीच हौस परवडते. आणि रंगाचं काम पावसात काढू नका. दमट हवेत लॅकर दुधाळ होतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे.

बसवताना: हबचा गंज ब्रशने काढा, नट चांदणीच्या क्रमाने आवळा, टॉर्क गाडीच्या पुस्तिकेत असतो तेवढाच, बॅलन्सिंग करून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर नट परत एकदा तपासा.

आता माझ्याकडे दोनच व्हील आहेत, त्यामुळे गाडी सध्या जुन्या लोखंडी रिमवर चाललीय. जोडीची आणखी दोन शोधायला पुढच्या रविवारी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातोय. मामा बरोबर येतायत. डीपीचे तिन्ही कॅन पिशवीत टाकलेत त्यांनी, आत्ताच.

मामा: दुकानदार ओरडला तर तू बोल. मी फक्त स्प्रे मारणार.

चला, भेटू मग पुढच्या भागात.